घरघंटी घ्यावी का?

नव्याने वेबसाइट काढायला निघालेली मंडळी भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘सर, सध्या पैसा कुठल्या नीशमध्ये आहे?’ नीश म्हणजे साइटचा ठरावीक, चिंचोळा विषय. प्रश्न विचारतानाच हातातल्या मोबाइलवर कुठल्यातरी टूलची यादी उघडलेली असते आणि यादीत सगळ्यात वर मोठ्या आकड्यांचे शब्द असतात. वाढदिवसाच्या शुभेच्छा, मुलींची नावे, उखाणे, आजचं राशिभविष्य. महिन्याला एवढे लोक शोधतात, त्यातले एक टक्का आपल्याकडे आले तरी... या ‘तरी’पायी वर्ष-वर्ष फुकट घालवलेली पोरं मी पाहिली आहेत.

उखाण्यांचंच घ्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आणि लग्नसराईत हा शब्द धो धो शोधला जातो. पण शोधणारी असते कुठे? उंबऱ्यात. आतून ‘नाव घे, नाव घे’ असा गलका चाललेला असतो. तिला दोन ओळी हव्या असतात, त्या मिळाल्या की मोबाइल पर्समध्ये जातो. त्या घटकेला तिला काही विकत घ्यायचं नसतं, म्हणून तिच्यासाठी कुणी चढी बोली लावत नाही. अ‍ॅडसेन्सवर, म्हणजे साइटवर जाहिराती लावणाऱ्या गुगलच्या सेवेवर, जाहिरातीचा लिलाव होतो आणि जाहिरातदाराच्या पैशातले ६८ टक्के साधारण पानाच्या मालकाला मिळतात. पण बोलीच पैशांत असेल तर ६८ टक्केही पैशांतच, आणि खात्यात १०० डॉलर साठल्याशिवाय हातात दमडी पडत नाही. हल्ली जाहिरात पानापेक्षा वाचणाऱ्याच्या मागे जास्त फिरते, हे खरं. काल चपला पाहिल्या असतील तर आज उखाण्याशेजारी चपला दिसतील. पण त्यात तुमच्या लिखाणाचं कर्तृत्व काय?

मराठीत लिहिणाऱ्यांचं दुखणं जुनं आहे. अ‍ॅडसेन्सने हिंदीला २०१४ मध्ये दार उघडलं, मराठीला त्यानंतर काही वर्षं ताटकळावं लागलं. तोवर मराठीत लिहायचं ते हौसेने. त्यामुळे आजही मराठीत गर्दीच्या विषयांवर शेकडो साइटी आणि कामाच्या विषयांवर शुकशुकाट, असं चित्र दिसतं. मला या शुकशुकाटात रस आहे.

आता एक विषय जवळून पाहू. घरघंटी, म्हणजे स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसणारी पिठाची गिरणी.

मी टूल नंतर उघडतो. आधी ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत ‘घरघंटी’ टाइप करून एक जागा सोडतो आणि एकेक अक्षर घालत जातो. क, ज, द, ल, य. गुगल शब्द पुरा करून देतं ते लोकांनी आधी शोधलेल्याच्या आधारावर. ही सोय २००४ मध्ये प्रयोग म्हणून सुरू झाली आणि माझ्या मते कीवर्ड, म्हणजे लोक शोधतात ते शब्द, हुडकण्याचं याहून चांगलं फुकट साधन अजून निघालेलं नाही. घरघंटी किंमत, घरघंटी कोणती चांगली, घरघंटी जाळी, घरघंटी दुरुस्ती, घरघंटी योजना. सगळे एकाच वस्तूबद्दल बोलताहेत, पण माणसं पार वेगळी आहेत. ‘किंमत’वाला अजून घरात विषय काढतो आहे. ‘कोणती चांगली’वाल्याने मनाशी पैसे बाजूला काढलेत. ‘जाळी’वाल्याच्या घरी गिरणी आलेली आहे आणि पीठ जाड येतंय म्हणून बायको वैतागलेली आहे. ‘दुरुस्ती’वाल्याला लेख नकोच, त्याला गावातल्या मेकॅनिकचा नंबर हवा. आणि ‘योजना’वाल्याला गिरणी फुकट हवी आहे.

मूळ शब्दाला चिकटलेला हा शेवटचा शब्द वाचता आला की निम्मं काम झालं. शोधणाऱ्याची गरज त्याच शब्दात असते, त्याचा खिसाही तिथेच कळतो.

मग टूलकडे यायचं. गुगलचा कीवर्ड प्लॅनर मुळात जाहिरातदारांसाठी आहे, हे विसरलं की घोटाळे सुरू होतात. त्यातला कॉम्पिटिशनचा रकाना ‘लो’ दिसला की पोरं नाचतात. पण तो रकाना सांगतो जाहिरातदारांमधली चुरस. पहिल्या पानावर येण्यासाठी किती साइटी झटताहेत, याच्याशी त्याचा संबंध नाही. जाहिरातींवर खर्च न करणाऱ्या खात्याला आकडाही धड दिसत नाही, १०० ते १,००० असा ऐसपैस पट्टा दिसतो. मराठीतल्या लांबलचक शब्दांपुढे तर बहुतेक वेळा नुसती आडवी रेघ असते. तिचा अर्थ ‘कुणी शोधत नाही’ असा घ्यायचा नाही. रोजच्या शोधांपैकी साधारण १५ टक्के शोध आपण आधी कधीच पाहिलेले नसतात, असं गुगल स्वतःच वर्षानुवर्षं सांगत आलं आहे. लोक तोंडाने बोलतात तसं टाइप करतात, आणि आता तर माइक दाबून सरळ बोलतातच.

घरघंटीच्या आकड्यात आणखी एक मेख आहे. हा शब्द गुजरातीतही हाच. राजकोट तर या गिरण्या बनवण्याचं मोठं केंद्र. त्यामुळे इंग्रजी अक्षरांत टाइप झालेल्या ‘घरघंटी’चा मोठा आकडा दिसला तर त्यात अहमदाबाद आहे, सुरत आहे आणि मुंबईतले कांदिवली-बोरिवलीही आहेत. प्लॅनरमध्ये प्रदेश महाराष्ट्र निवडला तरी बोरिवली गळत नाही. मराठी साइटसाठी खरा आकडा देवनागरीतल्या शोधांचा, अधिक ‘पिठाची गिरणी’, अधिक घरगुती ‘पिठाची चक्की’. तो लहान असतो आणि लहान असलेलाच बरा, कारण मोठ्या दुकानदारांचं त्याकडे लक्ष जात नाही.

गुगल ट्रेंड्स मी फक्त ऋतू पाहायला वापरतो. तिथला शून्य ते शंभरचा आलेख सापेक्ष आहे. १०० म्हणजे निवडलेल्या काळातला सर्वांत वरचा टप्पा, शंभर माणसं नव्हेत. नव्या साइटचं पान वर यायला काही महिने जातात, म्हणून दिवाळीच्या भाजणीवरचा लेख नवरात्रात लिहून उपयोग नाही. तो आषाढात लिहून झालेला हवा.

यानंतरचं काम कंटाळवाणं आहे आणि बहुतेक जण तेच टाळतात. शोधाचं पहिलं पान उघडून सगळे निकाल एकेक करून वाचायचे. घरघंटीच्या बाबतीत दुकानांची पानं असतात, कंपन्यांचे व्हिडिओ असतात आणि ‘टॉप १०’ छापाचे लेख असतात. त्यांच्या लेखकाने गिरणीचं झाकण कधी उघडलेलं नसतं, हे दुसऱ्या परिच्छेदातच कळतं. आणि नसतं काय? लाइट बिल किती येईल, याचं साधं उत्तर नसतं. बहुतेक घरगुती गिरण्यांना एक एचपीची मोटर असते. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. तासभर चालवली तर मोटरचा आपला खाऊ धरून एका युनिटच्या आसपास वीज जाते. तासाला अमुक किलो दळण, विजेचा दर तमुक, गल्लीतल्या गिरणीचा दर एवढा. हे तीन आकडे वाचणाऱ्याला स्वतः भरू द्यावेत आणि गिरणीचे पैसे किती वर्षांत वसूल होतात ते त्यालाच काढू द्यावं. दोघांच्या संसारात ते बहुधा लवकर वसूल होत नाहीत, हेही लिहावं. तसं लिहिल्याने तुमच्या दुव्यावरून होणारी कमिशनची एक विक्री जाते, पण वाचणाऱ्याला पुढच्या ओळी खऱ्या वाटू लागतात.

जाळीचंही तसंच. या गिरणीत दगडी जातं नसतं. फिरणाऱ्या पात्यांचा मार बसून दाणा फुटतो आणि जाळीच्या भोकातून बाहेर पडण्याइतका बारीक होईपर्यंत आतच राहतो. म्हणजे पिठाचा पोत जाळी ठरवते. पोळीचं पीठ, बेसन, लाडवाची भरड, रवा, सगळ्यांना वेगळी जाळी. धान्य ओलसर असेल किंवा शेंगदाण्यासारखं तेलकट असेल तर भोकं बुजतात. भाजणी गरम असतानाच घातली तरी तीच गत. हे मला टूलने सांगितलेलं नाही. गिरण्या दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या दुकानात बाकड्यावर बसून कळलं. तिथे येणारी प्रत्येक बाई जे वाक्य बोलते, तोच कीवर्ड असतो. ‘पीठ जाड येतंय.’ ‘आवाज फार करते हो, खालचे लोक भांडतात.’ ‘नाचणी दळली तर चालेल ना?’ यातलं एकही वाक्य विकतच्या यादीत सापडणार नाही.

राहिला योजनेचा शब्द. ‘मोफत पिठाची गिरणी’ या शोधाला अफाट गर्दी आहे. काही जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण विभागामार्फत गिरणीसाठी ९० टक्के अनुदान मिळतं आणि उरलेले दहा टक्के लाभार्थीने भरायचे असतात. म्हणजे ती मोफत नाही, सगळ्या जिल्ह्यांत नाही आणि बाराही महिने नाही. तरी ‘आजच अर्ज करा’ म्हणणारी पानं उघडा. आठ जाहिराती ओलांडून खाली गेलात की ‘अधिक माहितीसाठी पंचायत समितीशी संपर्क साधा’. एवढं सांगायला त्या बाईचा डेटा आणि अर्धा तास खर्च केला. पीएम-कुसुम या केंद्राच्या योजनेतल्या सौर पंपांबाबत तर बनावट वेबसाइट उभ्या करून शेतकऱ्यांकडून पैसे उकळल्याचे प्रकार झाले आणि केंद्रीय मंत्रालयाला पुन्हा पुन्हा सावधगिरीच्या सूचना काढाव्या लागल्या. या गर्दीतून पैसा मिळत नाही असं नाही, पण तो वाचणाऱ्याच्या गोंधळावर मिळतो. मी हा शब्द घेत नाही आणि शिकायला येणाऱ्यांनाही घेऊ देत नाही.

नुसती माहिती उचलून लिहिणाऱ्यांचे दिवस तसेही भरत आले आहेत. २०११ च्या गुगलच्या पांडा अपडेटने पोकळ पानांची पहिली मोठी झाडाझडती घेतली. पुढच्या वर्षी नुसत्या कीवर्डच्या नावाचं डोमेन घेऊन वर बसलेल्यांची उचलबांगडी झाली. ऑगस्ट २०२४ पासून गुगल भारतातही, आधी इंग्रजी आणि हिंदीत, शोधाच्या डोक्यावर एआयने जुळवलेलं उत्तर दाखवू लागलं. ‘घरघंटी म्हणजे काय’ याचं उत्तर तिथेच मिळालं तर तुमच्या पानावर कोण कशाला येईल? ‘जाळी बदलूनही पीठ जाड का येतं’ हे विचारणारा मात्र अजून येतो, कारण त्याला गिरणी उघडून पाहिलेला माणूस हवा असतो.

साइट एकदा चालू झाली की विकतच्या टूलचं मासिक भाडं बंद केलं तरी चालतं. गुगलच्या फुकट सर्च कन्सोलमध्ये तुमचं पान कोणकोणत्या शब्दांवर दिसलं, कितव्या क्रमांकावर दिसलं आणि किती जणांनी टिचकी मारली हे सगळं येतं. दिसलं पुष्कळ पण टिचकी नाही, असे शब्द वेगळे काढा. पुढचे लेख त्यांतच असतात. फक्त कन्सोल १६ महिन्यांपलीकडचा हिशेब ठेवत नाही, आणि दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीची या दिवाळीशी तुलना करायची तर जुन्या याद्या हाताशी लागतात. दर महिन्याच्या एक तारखेला यादी उतरवून ठेवत जा. त्याला पैसे पडत नाहीत.