एरडु सीधा, एरडु उल्टा

आमच्या घरी सूर्यास्ताआधी जेवणं उरकतात. थंडीच्या दिवसांत सहा वाजता भांडी घासून पालथी पडतात आणि झोपेपर्यंतचे तीन-साडेतीन तास हात रिकामे राहतात. सासूबाई होत्या तोवर त्या वेळात त्यांना शास्त्र वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं. त्या गेल्यावर ती संध्याकाळ खायला उठू लागली. टीव्हीत माझं मन कधी रमलं नाही. तेव्हा, म्हणजे वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, मी विणायच्या सुया हातात घेतल्या. त्या वयात बायका चष्म्याचा नंबर वाढला म्हणून विणकाम सोडतात.

शिकवायला समोरच्या वाड्यातल्या अव्वा होत्या. त्या कन्नड बोलणाऱ्या, मी मराठी. ठाणाकुशनूरात याचं कुणाला काही वाटत नाही. एका वाक्यात दोन्ही भाषा आणि वर थोडी दखनी, असंच आमचं बोलणं. पण अव्वांच्या विणकामाची भाषा तिसरीच होती. त्यांचे यजमान फौजेत, उमेदीची वर्षं पंजाबात गेलेली. तिथल्या क्वार्टर्समध्ये शेजारणींकडून त्या शिकल्या. त्यामुळं टाक्याला त्या ‘फंदा’ म्हणायच्या, सुईला ‘सलाई’. मोजायच्या मात्र कन्नडमध्ये. ‘एरडु सीधा, एरडु उल्टा’ हा माझा पहिला धडा. म्हणजे आपलं दोन सुलट, दोन उलट.

अव्वांना पुस्तक लागायचं नाही. नमुना त्यांच्या बोटांत असायचा. माझ्या बोटांत काही राहीना! कालचा नमुना आज विचारायला जायची मला लाज वाटायची. ‘अगं पोरी, परवाच सांगितलं की,’ असं त्या हसत म्हणायच्या, पण पुन्हा सांगायच्या. मी पडले कलाशाखेची, उदगीरला बी.ए. केलेली. आठवत नाही ते पुस्तकात बघायचं ही जुनी सवय. म्हणून पुस्तकं जमवायला लागले.

पहिली आली ती हिंदी मासिकं. ‘गृहशोभा’चे थंडीतले बुनाई विशेषांक कुणी हैदराबादला गेलं की स्टेशनवरून आणायला सांगायची. त्यांत रंगीत फोटो भरपूर, कृती मात्र आटोपशीर. ‘पीछे के भाग की तरह आगे का भाग बुनें’ म्हणून मोकळे होतात. मुंढा कुठं सुरू करायचा, गळ्याला किती टाके बंद करायचे, ते ज्याला येतं त्यालाच कळावं असं लिहिलेलं. नवशिकीनं असल्या अंकांवर फार पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. फोटोला भुलून मी सात घेतले, त्यांतला एकच कामाचा निघाला.

मराठी पुस्तकासाठी पुष्कळ शोधलं. 2022 च्या एप्रिलमध्ये उदगीरला पंचाण्णवावं साहित्य संमेलन भरलं, तेव्हा भर उन्हात कमलनगरवरून मी आणि जाऊबाई गेलो. जाऊबाईंना भाषणं ऐकायची होती. मी सरळ पुस्तकांच्या गाळ्यांत शिरले. कथा, कादंबऱ्या, चरित्रं, पाककृती सगळं होतं. विणकामाचं आहे का, असं मी चार-पाच ठिकाणी विचारलं. एका मुलानं पैठणीच्या विणकरांवरचं पुस्तक काढून दाखवलं. चूक त्याची नाही. मराठीत विणकर म्हटलं की मागच उभा राहतो. आमच्याकडे लोकर म्हटली तरी घोंगडीच आठवते. धनगराच्या मागावरची, काळी, अंगाला टोचणारी, पण पावसात अंगावर घेतली तर पाणी आत येऊ न देणारी. दोन सुयांचं विणकाम या मुलखात पाहुणंच आहे.

मग इंग्रजीकडे वळले. हैदराबादच्या आबिड्सला रविवारी बंद दुकानांसमोर फुटपाथवर जुनी पुस्तकं मांडतात. यजमानांना डोळ्यांच्या तपासणीसाठी न्यायचं होतं. तारीख सोमवारची होती, मी हट्टानं शनिवारीच निघायला लावलं. तिथं ‘वुमन्स वीकली’ या विलायती साप्ताहिकाचे जुने अंक मिळाले. पानं पिवळी, कडा कुरतडलेल्या, पण कृती बघावी तर शेवटच्या टाक्यापर्यंत दिलेली. त्यातलाच बाळाचा बिनबाह्यांचा स्वेटर हा मी पूर्ण केलेला पहिला कपडा.

दुसऱ्या कपड्यानं मात्र माझी फजिती केली. लेकीला दिवस गेले होते. अमेरिकेतल्या भाच्यानं एक नवंकोरं पुस्तक पाठवलं होतं, त्यातला स्वेटर निवडला. सहा नंबरच्या सुया घ्या असं लिहिलेलं होतं. घरात सहा नंबरच्या होत्या. तीन आठवडे विणला. जोडल्यावर पाहिलं तर बाळाचा कुठला, दोन वर्षांच्या पोराला सैल होईल असा! लेक फोनवर म्हणाली, ‘आई, शाळेत जाईल तेव्हा घालू.’ हसण्यावारी नेलं तिनं, मला मात्र रात्री झोप लागली नाही.

चूक कुठं झाली ते पुढं मेरी थॉमसच्या पुस्तकामुळं उमगलं. ते मूळ 1938 चं आहे. जुनं असलं तरी टाका म्हणजे काय, धागा कुठून कुठं जातो, हे मिश्कील चित्रं काढून असं समजावलंय की इंग्रजी अडलं तरी चित्र अडत नाही. विणायच्या आधी चार बोटं रुंद तुकडा विणून त्यातले टाके मोजायचे, हे मी त्यात वाचलं. माझा स्वेटर मोजला. पुस्तकाला दहा सेंटिमीटरमध्ये बावीस टाके हवे होते, माझे अठराच भरत होते. एकशे दहा टाक्यांत पन्नास सेंटिमीटरचा घेर व्हायचा, तो माझ्या हातात एकसष्ट झाला होता. मग सुयांचे नंबर तपासले. आपल्याकडे जुनी विलायती पद्धत आहे. नंबर वाढला की सुई बारीक होते. अमेरिकेत उलटं, नंबर वाढला की सुई जाड. आपली सहा नंबरची सुई पाच मिलिमीटरची, त्यांची चार मिलिमीटरची. त्यांची आठ म्हणजे आपली सहा आणि आपली आठ म्हणजे त्यांची सहा. फक्त सात नंबरला दोघांची गाठ पडते, साडेचार मिलिमीटरला. मैत्रिणींनो, नंबर विसरा, मिलिमीटर बघा. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर लोकरीच्या चार गुंड्या वाचल्या असत्या.

लोकर म्हणते खरी, पण ती ॲक्रिलिकची. आमच्या एक चुलत सासूबाई सुरुवातीलाच म्हणाल्या होत्या, ‘मेंढीचे केस अंगावर घेऊन देवळात कशी जाणार गं?’ त्यावर वाद घालता आला असता. श्वेतांबर साधूंचा ओघा लोकरीचाच असतो. पण मला वाद नको होता, विणायचं होतं. ॲक्रिलिक आणि सूत यांवर मी समाधान मानलं. लुधियानाहून येणाऱ्या त्या गुंड्यांवर नाव छापलेलं असतं ‘वर्धमान’. ते दाखवल्यावर चुलत सासूबाईंचा राग गेला.

पुस्तकं वाढत गेली तशी दुसरीच टोचणी सुरू झाली. मी परिग्रह-परिमाणाचं व्रत घेतलेलं आहे. साड्या किती, दागिने किती, भांडी किती, सगळं ठरवून लिहून ठेवलेलं. पुस्तकांचा त्यात उल्लेख नाही, कारण तेव्हा पुस्तकं म्हणजे शास्त्रं, त्यांचा कसला परिग्रह! पण कपाटातला एक खण भरला, दुसऱ्यात लोकर, तिसऱ्यात पुन्हा पुस्तकं. जाऊबाई मिस्कीलपणे म्हणाल्या, ‘वस्तू हा परिग्रह नाही म्हणतात, वस्तूवरची आसक्ती हा परिग्रह. तुमच्यात दोन्ही दिसतंय.’ बोलणं लागलं. एक खण, बारा पुस्तकं, असं मी त्याच रात्री ठरवलं. नवीन आलं की एक जायचं. ती सहा मासिकं आणि भाच्याचं चकचकीत पुस्तक शाळेतल्या बाईंना देऊन टाकलं. नंबरांची भानगड पहिल्या पानावर लिहूनच दिलं.

गाळणी लावल्यावर कळलं की खरोखर लागणारी पुस्तकं थोडीच आहेत. बार्बरा वॉकरचं 1968 चं नमुन्यांचं पुस्तक आणि 1970 चा त्याचा दुसरा भाग हे मी कुणाला देणार नाही. शेकडो नमुने, काळेपांढरे फोटो, प्रत्येक ओळ शब्दांत लिहिलेली. सुरुवातीला ते इंग्रजी म्हणजे गणिताचं सूत्र वाटायचं. मी वहीच्या एका पानावर तक्ता केला: इंग्रजी अक्षर, अव्वांचा हिंदी शब्द, आपला मराठी शब्द. आता वाचायला अडत नाही. दुसरं एलिझाबेथ झिमरमनचं, 1971 चं. ही बाई तयार कृती कमी देते, हिशेब जास्त शिकवते. आपल्या लोकरीचे एका मापात किती टाके बसतात ते मोजा, छातीच्या घेरानं गुणा, बाहीचे, मनगटाचे टाके त्याच्या टक्केवारीत काढा. पुस्तकातली लोकर ठाणाकुशनूरात मिळत नाही, पण गुणाकार सगळीकडे सारखा. ज्यांना एकच पुस्तक घ्यायचं आहे त्यांनी हे घ्यावं.

बारावी जागा मात्र मी एका वहीसाठी ठेवली होती. अव्वांची एक पानाची जाळी होती, स्वतःच्या बोटांनी बसवलेली, यजमानांच्या स्वेटरवर विणलेली. तशी मी दुसरीकडे कुठं पाहिली नाही. सगळे नमुने त्यांच्याकडून उतरवून घ्यायचे ठरलं. अकरा झाले. ही जाळी बारावी. अव्वा सांगायच्या, मी लिहायची, ‘ऐदु सीधा, धागा आगे, एरडु का जोड़ा’, त्यांच्याच शब्दांत. सात सुया लिहून झाल्या आणि दशलक्षण पर्व आलं. देवळात सकाळ-संध्याकाळ कार्यक्रम, घरी पाहुणे. म्हटलं, ‘अव्वा, पर्व झालं की येते.’ पर्वानंतर आठ दिवसांत त्यांना लकवा मारला. उजवा हात गेला, वाचाही गेली.

निदान तो स्वेटर तरी बघू, त्यावरून सुया मोजता येतील, म्हणून विचारलं. सूनबाईनं दोन वर्षांमागंच तो बोहारणीला देऊन एक स्टीलची परात घेतली होती. तिनं परात दाखवली. मी काय बोलणार? जुने कपडे मीही देतेच की.

तेव्हापासून संध्याकाळी वॉकरबाईंची पानं चाळते. पानांच्या जाळ्या दोन्ही भागांत कितीतरी आहेत. पहिल्या चार सुया जुळतात, पाचवीला वाट वेगळी होते. तुकडे विणून अव्वांकडे नेते. खाटेवर बसून त्या डाव्या हाताची बोटं तुकड्यावरून फिरवतात आणि मान हलवतात. नाही. असे नऊ तुकडे झाले.

गेल्या सोमवारी दहावा नेला. त्यांनी तो बराच वेळ धरून ठेवला. मान हलवली नाही. मग एक बोट वर केलं. मी विचारलं, ‘ओंदु सलाई? एक सुई जास्त हवी?’ त्या बघत राहिल्या. ‘की ओंदु फंदा?’ पुन्हा तेच बोट, आणि डोळ्यांत थोडं हसू, पूर्वी मी चुकले की यायचं तसं.

घरी येऊन तुकडा उसवला. आठ नंबरच्या सुईवर पुन्हा टाके घातले. आधी एकतीस होते, या खेपेला बत्तीस.