पाहणारा देव आणि तहानलेली प्रजा

जालना

आदरणीय पाळकसाहेब यांस,


दुष्काळी वर्षात उपासनेच्या वेळी 'अविश्वास' हा शब्द कोणाला उद्देशून उच्चारावा, असे आपण विचारले आहे. मराठी पवित्र शास्त्राच्या आधाराने या प्रश्नाचे उत्तर अर्धेच हाती लागते आणि उरलेल्या अर्ध्यासाठी इब्री मूळ उघडावे लागते. ही भाषा मराठी वाचकाला वाटते तितकी दूरची नाही, डॉ. जॉन विल्सन यांनी इब्रीचे प्राथमिक व्याकरण 1832 सालीच मराठीतून छापले होते, आणि 1896-97 च्या दुष्काळातील मुलींना आश्रय देणाऱ्या पंडिता रमाबाईंनी इब्री व ग्रीक शिकून मुळावरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या निधनानंतर 1924 साली पूर्ण प्रसिद्ध झाले.

जालन्याच्या मंडळीला तर इब्रीचा आरंभ करण्यासाठी गावाबाहेर फार लांब जावे लागत नाही. 1843 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी निजामाच्या राज्यात, सर सालारजंग दिवाण असताना मिळालेल्या जमिनीवर जालन्याजवळ जी ख्रिस्ती वसाहत उभी केली, तिला त्यांनी 'बेथेल' हे नाव दिले. 'बेथ' म्हणजे घर आणि 'एल' म्हणजे देव, एवढे प्रत्येक शब्बाथशाळेत सांगितले जाते. परंतु उत्पत्तीच्या 28 व्या अध्यायात हे नाव ज्या ठिकाणी पडते तेथे याकोब नवस करतो, आणि तो नवस सशर्त आहे: वाटेत रक्षण झाले, खायला भाकर व नेसायला वस्त्र मिळाले आणि आपण सुखरूप बापाच्या घरी परतलो, तर परमेश्वर आपला देव होईल. भावाच्या भीतीने पळालेल्या, उशाला धोंडा घेतलेल्या माणसाची ही अट शास्त्र कोठेही अविश्वास म्हणून नोंदवत नाही. दुष्काळात मिशनच्या आश्रयाला आलेल्यांना 'पोटासाठी बाटले' म्हणून हिणवणाऱ्यांनी, आणि तो टोमणा ऐकून आजही मान खाली घालणाऱ्या त्यांच्या वंशजांनीही, हा अध्याय पुन्हा वाचायला हरकत नाही.

देवाच्या पुरवठ्यासाठी इब्रीत जो शब्द सर्वांत प्रसिद्ध झाला, तो मुळात पुरवठ्याचा नाहीच. मोरिया डोंगरावर अब्राहाम ठिकाणाला 'यहोवा यिरे' असे नाव देतो, त्यातील 'यिरे' हे 'राआ', म्हणजे पाहणे, या क्रियापदाचे रूप आहे. पाहण्यातून सोय करण्याचा अर्थ कसा निघतो, हे इतर भाषांतील टीकाकारांना समजावून द्यावे लागते. मराठवाड्यातील माणसाला मात्र ते सांगावे लागत नाही, कारण 'म्हाताऱ्याचं कोण बघतं?' या त्याच्या प्रश्नात बघणे म्हणजे जेवूखाऊ घालणे हेच गृहीत असते.

आता अविश्वास. यासाठी पाहायचा धातू आ-म-न हा होय, ज्यापासून आपला 'आमेन' आला. त्याचा गाभा मत किंवा कबुली हा नसून टिकाव आणि आधार हा आहे. निर्गम 17 मध्ये अहरोन व हूर यांनी धरून ठेवलेले मोशेचे हात सूर्यास्तापर्यंत स्थिर राहिले, तेथे त्या स्थिरतेला 'एमुना' म्हटले आहे, आणि हाच शब्द इतरत्र निष्ठेसाठी येतो. गणना 11 मध्ये मोशे वैतागून विचारतो की तान्ह्या बाळाला उराशी धरून नेणाऱ्या सांभाळकर्त्यासारखे या लोकांना आपण का वाहावे. तो सांभाळकर्ता म्हणजे 'ओमेन', तोही याच अक्षरांचा. तेव्हा 'हेएमीन', म्हणजे विश्वास ठेवणे, हे क्रियापद ज्याने उचलून घेतले आहे त्याच्यावर भार टाकण्याचे आहे, आणि त्याचा नकार म्हणजे कडेवर बसून उचलणाऱ्यावरच संशय घेणे.

हा अर्थ मनात ठेवून अरण्यातील कुरकुरीचे प्रसंग ओळीने लावले की एक गोष्ट ध्यानात येते, जी प्रवचनांतून बहुधा सुटते. निर्गम 16 मध्ये लोक खरोखर भुकेले आहेत, ते कुरकुर करतात आणि त्यांना शिक्षा न होता मान्ना मिळतो, माणशी एक ओमेर, म्हणजे सुमारे दोन लिटर. 'मान हू', हे काय आहे, या त्यांच्या प्रश्नावरूनच त्या अन्नाला नाव पडले असे ग्रंथ सांगतो, जरी 'काय' यासाठी इब्रीतील नेहमीचा शब्द 'मा' असल्याने भाषाशास्त्रज्ञ या व्युत्पत्तीला लोकव्युत्पत्ती मानतात. पुढच्याच अध्यायात ते तहानलेले आहेत. त्या जागेला 'मस्सा' (परीक्षा) आणि 'मरीबा' (तंटा) अशी बोल लावणारी नावे मिळतात, पण पाणीही मिळते. याउलट गणना 11 मध्ये मान्ना रोज पडत असताना त्यांना मिसरातील मासे, काकड्या, कांदे व लसूण आठवतात, आणि ते मासे 'फुकट' मिळत होते असे गुलामगिरीतून सुटलेले हे लोक म्हणतात! तेथे मरी येते. गणना 14 मध्ये भूक नाही, तहान नाही. वचनदत्त देश समोर असताना माघारी मिसरला जाण्याची भाषा आहे, आणि 'लो याआमीनू', ते विश्वास ठेवीत नाहीत, हा आरोप तेथे देवाच्या तोंडी येतो. गणना 21 मध्ये अन्नपाणी नाही अशी तक्रार करून साप ओढवून घेणाऱ्यांनाही त्याच श्वासात हातातल्या मान्न्याचा वीट आलेला आहे. म्हणजे शिक्षा भुकेच्या आक्रोशाला होत नाही, ती खाल्लेले विसरण्याला होते.

सर्वांत अवघड प्रसंग गणना 20 चा. पुन्हा पाणी नाही, पुन्हा तंटा आहे, आणि मोशे तहानलेल्या जमावाला 'बंडखोर' म्हणून खडकावर दोनदा काठी मारतो. पाणी उसळते, लोक आणि गुरे पितात, जमावातील कोणालाही दंड होत नाही. 'तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला नाही' हा ठपका मात्र मोशे आणि अहरोन यांच्यावर येतो, आणि त्या दोघांना वचनदत्त देश नाकारला जातो. मोशेचे नेमके काय चुकले यावर टीकाकारांचे एकमत नाही. बाराव्या शतकातील ज्यू पंडित मैमोनिदीस यांनी मात्र ती चूक काठीत न पाहता पाण्यासाठी ओरडणाऱ्या लोकांवर केलेल्या रागात पाहिली, आणि प्रस्तुत पत्रलेखकालाही तेच वाचन अध्यायाच्या ओघाशी अधिक जुळणारे वाटते.

2012-13 च्या दुष्काळात या जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या आणि गावे टँकरच्या पाण्यावर राहिली, त्यावेळी देवाला जाब विचारणारे लोक निर्गम 16 मधील होते, गणना 11 मधील नव्हते. तेव्हा पुढील टंचाईच्या वर्षी उपासनेत गणना 14 वाचायचे ठरले, तर त्याआधी गणना 20 वाचावे आणि ते मंडळीपेक्षा पाळकवर्गाने स्वतःला लावून वाचावे, अशी आपणांस नम्र विनंती आहे.



आपला स्नेहांकित