ढोलाचे दिवस

नदीपात्रात ढोलांचा सराव सुरू झाला की नारायण पेठेतल्या आमच्या घराच्या खिडक्या बंद. लेक पाच वर्षांचा, स्वमग्न. कान गच्च दाबून पलंगाखाली शिरतो. सासूबाईंची हळहळ वेगळीच, "मानाचा पाचवा, केसरीवाड्याचा, आपल्याच पेठेतला, आणि पोराला दर्शन नाही?" म्हणून आज पहाटेच मोदी गणपतीला नेलं. कुणी घंटा वाजवेपर्यंत स्वारी खुशीत होती.

१९९५च्या कायद्यात ७ अपंगत्वं होती, त्यात स्वमग्नता नव्हती. २०१६च्या कायद्यात २१ झाली, तेव्हा ती आली. कायदा सुधारला, जिन्यातल्या काकू अजून तेच विचारतात, "बोलायला लागला का गं?" बोलतो की! "चहा" अगदी स्पष्ट म्हणतो, तोही स्वतःचा संपवून माझ्या कपाकडे बघत. विसर्जनाला यंदाही माहेरी, सासवडला.