परळची वारी

साताऱ्याहून रात्रीच्या एसटीनं निघालं की उजाडता उजाडता दादर येतं. तिथून परळ जवळच. वाडिया, केईएम आणि टाटा, तीन मोठी रुग्णालयं इथं हाकेच्या अंतरावर. फुटपाथवर पथाऱ्या पसरलेल्या, कुठं डबा उघडलेला, कुणी एक्स-रेची पिशवी उशाशी घेऊन झोपलेलं. लेडी मेहेरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगानं गेल्या, त्यानंतर टाटांच्या ट्रस्टनं १९४१ साली हे रुग्णालय उभं केलं. परगावच्या रुग्णांना दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आसरा देते. माझ्या जाऊबाईंनी लेकीसाठी तिथं सात महिने काढले.

पुतणी तेव्हा सहा वर्षांची होती. छोट्या मेंदूत गाठ. मेडुलोब्लास्टोमा हा शब्द आमच्या घरात अगदी आजेसासूबाईंच्याही तोंडी बसला! शस्त्रक्रिया झाली, डोक्याला आणि पाठीच्या कण्याला किरणं दिली, मग औषधं. गाठ गेली, आम्ही पेढे वाटले. आता ती चौदा वर्षांची आहे आणि वर्षातून एकदा तपासणीला आम्ही दोघी जावा तिला घेऊन जातो.

पण मैत्रिणींनो, गाठ गेल्यावर दुसरंच दुखणं सुरू होतं. किरणोपचारांनी कोवळ्या मेंदूचा वेग मंदावतो, लक्ष टिकत नाही. उंची खुंटू शकते, काही औषधांनी ऐकू कमी येतं. वर्गात कुणी विनोद केला तर हिला तो कळेपर्यंत सगळ्यांचं हसून झालेलं असतं. मग ही एकटीच मागाहून हसते. तिला कुणी छळत नाही हो, फक्त बोलवत नाही. वाढदिवसाला नाही, सहलीच्या बसमध्ये शेजारी नाही. संध्याकाळी ती पहिली-दुसरीतल्या पोरींत जाऊन खेळते. शाळेत मात्र "किती शहाणी मुलगी!" असा शेरा. मीही शिकवते, म्हणून सांगते, पन्नास मुलांच्या वर्गात गप्प बसणारं मूल कुणाच्या नजरेत भरत नाही.

परळच्या त्या बाकावर गेल्या वेळी नांदेडची एक मुलगी भेटली. तिच्याही मानेवर मागे तसाच व्रण. दोघी सापशिडी खेळत बसल्या. एकेक सोंगटी सरकवायला मिनीट लागत होतं, पण दोघींनाही घाई नव्हती. आमची पोर इतकं बोलते हे जाऊबाई पहिल्यांदाच बघत होत्या.

टाटामध्ये १९९१ पासून उपचार संपलेल्या मुलांसाठी वेगळा बाह्यरुग्ण विभाग आहे. लहानपणी कर्करोगातून उठलेल्या तरुणांनी २००९ साली 'उगम' नावाचा गटही काढला. अशा ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञांकडून चाचणी करून घ्यावी आणि तो कागद शाळेत दाखवावा, लपवू नये. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो. बाईंना सांगून पहिल्या बाकावर बसवावं. आणि घरी दहा मुली बोलावू नयेत, घोळक्यात ही मुलं हरवतात. एकच बोलवावी, हाताला काम द्यावं.

दिवाळीच्या आधी जाऊबाईंनी शेजारच्या मुलीला शंकरपाळे करायला बोलावलं. दोघींनी मोहन इतकं घातलं की निम्मे शंकरपाळे तेलात विरघळले. जाऊबाई काही बोलल्या नाहीत, मीच जरा पुटपुटले. पुढच्या रविवारी ती मुलगी आपणहून आली.