दुसरी सीट

मी गणित शिकवते याचं श्रेय माझ्या शाळेपेक्षा आमच्या अगाशीच्या वाडीतल्या एका शेजाऱ्यांकडे जास्त जातं. सगळी आळी त्यांना काका म्हणायची, मीही तेवढंच म्हणते. ते सांताक्रूझला विमान दुरुस्तीच्या हँगरमध्ये इंजिनिअर होते. नाइट शिफ्ट संपवून सकाळच्या रिकाम्या विरार लोकलने परतायचे, जरा पडायचे आणि रविवारी ओट्यावर मला शिकवायला बसायचे. बाबा गेले तेव्हा मी बारावीत होते. शिकवणी लावण्याची ऐपत नव्हती आणि फीचा विषय काकांनी कधी निघूच दिला नाही. आईने राजेळी केळी पाठवली तर तेवढी घ्यायचे.

त्यांची उदाहरणं पुस्तकातली नसत. वारा समोरून असेल तर किती तास, पाठीमागून असेल तर किती, उतरल्यावर टाकीत किती उरलं पाहिजे. उत्तर बरोबर आलं तरी ते विचारायचे, "सही करशील?" हँगरमध्ये विमान सोडण्याआधी इंजिनिअरला सही करावी लागते. ती सही कुणाची, हे आत बसलेल्या प्रवाशांना कधीच कळत नाही. त्या प्रश्नाने मला उत्तर दुसऱ्यांदा तपासायची सवय लागली, ती आजही आहे.

पुढे मी शिक्षिका झाले. जुलै 2018 मध्ये आरोही पंडित आणि कीथेअर मिस्किटा या दोन तरुण वैमानिक ‘माही’ नावाचं इवलंसं विमान घेऊन पतियाळाहून जगप्रदक्षिणेला निघाल्या, तेव्हा वर्गातल्या मुलींनी ती बातमी कापून फळ्याला लावली. मिस्किटा हे आडनाव आमच्या वसईत घरोघरी ऐकू येतं, त्यामुळे त्या मोहिमेबद्दल आम्हाला पहिल्या दिवसापासूनच आपलेपणा वाटला. दोन सीटचं पिपिस्ट्रेल सायनस, त्याला रोटॅक्स 912 इंजिन. ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’शी जोडलेली ही मोहीम मुलींसाठी होती. तोवर निवृत्त झालेल्या काकांना मी वर्गात बोलावलं.

एका मुलीने उठून थेट विचारलं, "मदतच करायची तर पेट्रोलचे पैसेच मुलींना का नाही देत?" मला प्रश्न आवडला, काकांना त्याहून जास्त. ते म्हणाले, कुणी मुलींसाठी म्हणून रुपया दिला तर त्यातला एक पैसाही टाकीत जाता कामा नये. विमानाचा खर्च प्रायोजकाकडून, दानाची पेटी वेगळी, वह्या दोन. आणि ज्या गावात विमान उतरतं तिथली एखादी मुलगी घरी जाऊन आईला काय सांगते, ते कुठल्याच वहीत लिहिता येत नाही. धर्मादाय उड्डाणाबद्दल इतकं सरळ उत्तर मी दुसरीकडे ऐकलेलं नाही. माझंही मत तेच झालं, आणि अजून तेच आहे.

मग त्यांनी आम्हाला नियोजन शिकवलं. नकाशावर रेघ ओढणं हे सगळ्यात सोपं काम. ज्या देशावरून जायचं त्याची परवानगी आधी हवी, आणि तिला मुदत असते; हवा बिघडून मुक्काम लांबला की कागद पुन्हा. बर्फ साचू नये म्हणून मोठ्या विमानांत जी व्यवस्था असते ती अशा विमानात नसते, म्हणून थंड ढगात शिरायचंच नाही. ग्रीनलंडचं हिमपठार मध्यभागी 3000 मीटरहून उंच आहे. खाली पाणी इतकं गार की खास पोशाख नसेल तर माणसाचे हातपाय काही मिनिटांतच चालेनासे होतात. आणि या सगळ्याच्या वर वजन. अशा हलक्या विमानांच्या वर्गाला विमान, माणसं, इंधन, सामान सगळं धरून तेव्हा 600 किलोची मर्यादा होती. शंभर लिटर पेट्रोल म्हणजे बहात्तर-पंच्याहत्तर किलो, एक धडधाकट माणूस.

काकांनी बाजारातून तराजू मागवला. मुलींनी दप्तरं, पाण्याचे कॅन, दोरखंड, छत्र्या, सगळं तोललं आणि लोडशीट भरली. मग एक टप्पा घेतला: नूक ते इकालुइत, म्हणजे ग्रीनलंड ते कॅनडा, सुमारे 820 किलोमीटर. ताशी 200 ने चार तासांहून थोडं जास्त. समोरून 50 चा वारा आला की जवळपास साडेपाच. वाटेत उतरायला जागा नाही. परत फिरता येईल असा शेवटचा बिंदू कुठे, तो प्रत्येकीने आपापल्या वहीत काढला. मला ओट्यावरचे रविवार आठवत होते आणि खडू हातात धरून मी मागच्या बाकावर बसले होते.

मे 2019 मध्ये आरोही ‘माही’तून एकटीने अटलांटिक ओलांडून इकालुइतला उतरली. हलक्या क्रीडा-विमानातून एकटीने अटलांटिक पार करणारी ती पहिली महिला. वर्गात टाळ्या झाल्या, पण मिस्किटा आडनावाची एक मुलगी गप्पच होती. तिने विचारलं, "मग कीथेअर का नाही?" जीवरक्षक सामानाला जागा हवी होती, म्हणून त्या टप्प्यात विमानात एकच वैमानिक आणि दुसरी जमिनीवरून मोहिमेसोबत, हे मी सांगितलं. तिचं समाधान होईना. त्या दिवशीही वर्गात आलेल्या काकांनी तिची लोडशीट मागवली, दुसऱ्या सीटच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "बाळा, ही सीट रिकामी नाही गेली. तिच्या जागी तराफा बसला, प्राणवायू बसला. आरोही पोचली त्यात कीथेअरचं वजन आहे." बोलताना त्यांचा आवाज जड झाला होता. आयुष्यभर दुसऱ्यांची विमानं सोडणाऱ्या माणसाला कीथेअर आमच्यापेक्षा जास्त कळली असावी. मला तर माझ्या बाजूच्या सीटवर कोण कोण जागा सोडून उतरलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा मोजावंसं वाटलं. सगळ्यांत आधी नाव आलं ते समोर उभ्या असलेल्या माणसाचं.

काका आणखी एका उड्डाणाची गोष्ट सांगायचे. जेआरडी टाटांनी 15 ऑक्टोबर 1932 ला पस मॉथ विमानातून टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहू गाठलं होतं. ती सांगताना काका अहमदाबादला बैलगाडीतून पेट्रोलचे डबे आणणाऱ्यांवरच जास्त वेळ घालवत. 2021 मध्ये त्याच तारखेला आरोहीने भुजहून अहमदाबादमार्गे जुहूपर्यंत ‘माही’ आणली. तोवर काका मुलाकडे कॅनडाला गेले होते. रात्री फोन करून त्यांनी किनाऱ्यावरचा वारा विचारला. मी आधीच लिहून ठेवला होता.

आता आम्ही काही जुन्या विद्यार्थिनी आणि शिक्षिका मिळून मुलींसाठी एक निधी चालवतो आणि त्याच्या दोन वह्या ठेवतो. एकीत चहापाण्याचा आणि छपाईचा खर्च, तो आमच्या खिशातला. दुसरीत फक्त मुलींचे पैसे. निधीला काकांचं नाव द्यायचं ठरवलं होतं, त्यांनी साफ नकार दिला. यंदा त्यातून विमान दुरुस्तीचं शिक्षण घेणाऱ्या वसईच्या एका मुलीची परीक्षेची फी भरली. काकांना कळवलं. त्यांनी लगेच विचारलं, "आणि हॉस्टेलचं कोण भरतंय?"