नाथसागरावर विमान उतरलं तर?

बॉस, जगात एक असं जंगल आहे जिथं जायला रस्ताच नाही! अलास्कातलं कॅटमाई नॅशनल पार्क. सॅमन मासे पकडणारी अस्वलं बघायला तिथल्या ब्रूक्स कॅम्पला लोक चक्क सी-प्लेननं जातात. विमान थेट तळ्यावर उतरतं. तळं हाच त्यांचा एसटी स्टँड!

हे मी ऑफिसात सांगितलं आणि चितेगावच्या आमच्या ग्रुपला नवा विषय मिळाला. आमचा विकेंड म्हणजे पैठण रोड. बिडकीन, ढोरकीन आणि मग नाथसागर. जायकवाडीची भिंतच 10 किलोमीटरची, म्हणजे पाणी केवढं बघा. रनवेचा खर्च शून्य! बरं, कल्पना अगदीच हवेतली नाही. 2014मध्ये जुहूहून पवना धरणावर, नगरकडच्या मुळा धरणावरसुद्धा सी-प्लेन उतरलं होतं. सेवा टिकली नाही, ती गोष्ट वेगळी.

पण नाथसागर 1986पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात इथं रोहित येतात, म्हणजे आपले फ्लेमिंगो. बदकांचे थवेच्या थवे असतात. पाणीही तेव्हाच भरपूर. उन्हाळ्यात उतरवा म्हणाल, तर 2016 आणि 2019च्या उन्हाळ्यात धरणाचा जिवंत साठाच संपला होता. विमान काय चिखलात उतरवणार? म्हणजे जे महिने विमानाच्या सोयीचे, नेमके तेच पक्ष्यांचे. शिवाय कॅटमाईला रस्ता नाही म्हणून विमान. आपल्याला रस्ता आहे (खड्ड्यांबद्दल पुन्हा कधीतरी).

मी हे सगळं झोकात ऐकवलं. ग्रुपमधला एक जण गप्प होता. त्याच्या आजोबांचं गाव याच पाण्याखाली आहे. या धरणात शंभराहून जास्त गावं गेली. तो शांतपणे म्हणाला, "आमचं घर बुडालं तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. आता काही येतंय म्हटलं की तुम्हाला पक्षी आठवतात?"

यावर काय बोलणार? त्याचं म्हणणं खोटं नाही. तरीही विमान मला नकोच. त्यापेक्षा धरणग्रस्तांच्या पोरांना पक्ष्यांचे गाईड करा, दुर्बिणी द्या, पहाटे शहरातून थेट काठावर सोडणारी एक बस सुरू करा. त्याला हे सांगितलं. "बस?" तो हसला. "आधी पगार किती देणार ते सांग."

पगाराचा आकडा आम्ही अजून काढतोय.