जेवावयास कोठें बसावें?

केशवसुतांच्या स्मारकाचें उद्घाटन १९९४ सालीं कुसुमाग्रजांच्या हस्तें झालें, तेव्हांपासून आमच्या मालगुंडांत परगांवची मंडळी पुष्कळ दिसूं लागली. तत्पूर्वीं बहुतेक जण गणपतिपुळ्यास देवदर्शन करून तसेच परतत. आतां थोडें पुढें येऊन कवीचें घर पाहतात, आणि बाहेर पडतांच पहिला प्रश्न करतात तो काव्याविषयीं नव्हे, जेवणाविषयीं! मी पडलों निवृत्त शिक्षक, रोज त्याच रस्त्यानें फिरणारा. त्यामुळें तो प्रश्न बहुधा माझ्याच वांट्यास येतो.

माझें उत्तर ठरलेलें असे. मध्याह्नीं गणपतीच्या देवळांत खिचडीचा प्रसाद मिळतो, तो अवश्य घ्यावा. समुद्राकांठच्या मोठ्या उपाहारगृहांत पंजाबी भाज्या मिळतात. त्या खाण्याकरितां कोंकणांत येण्याचें प्रयोजन मला अद्याप उमगलेलें नाहीं. खरें जेवण घरगुती खाणावळींत. तेथें मात्र सकाळींच वर्दी द्यावी. वाल भिजवून, मोड आणून, सोलावे लागतात. सोलकढीचा नारळ आयत्या वेळीं खवून वाटावयाचा. आणि मोदकाची उकड ऊन असतांच मळली पाहिजे, ती गार झाली कीं पारीला चिरा पडल्याच म्हणून समजावें. घाईचा मनुष्य तेथें उपाशीच राहावयाचा.

एवढें सारें मी सांगत असें, परंतु एक घर वगळून. तें घर माझेंच.

२०२१ च्या मे महिन्यांत तौक्ते वादळ आलें आणि आमच्या बागेंतलीं हापूसचीं जुनीं कलमें उन्मळून पडलीं. ज्येष्ठ बंधु आधींच निवर्तले होते. वहिनींनीं व त्यांच्या सुनेनें घरीं पाहुण्यांना पैसे घेऊन जेवूं घालण्याचें मनावर घेतलें. मी धर्मशास्त्र काढलें. अन्नविक्रय निंद्य, असें सांगितलें. वहिनी शांतपणें म्हणाल्या, "भाऊजी, शास्त्र तुमचें खरें, पण बँकेचा हप्ता कांहीं शास्त्राला विचारून येत नाहीं." मी निरुत्तर झालों, एकच अट घातली कीं, पाटीवर आपलें आडनांव नको. 'घरगुती जेवण मिळेल' एवढीच अक्षरें लागलीं.

गेल्या नाताळच्या सुटींत पुण्याच्या एका वृद्ध जोडप्यानें मला स्मारकापाशीं तोच प्रश्न केला. मीं त्यांना दूरची एक खाणावळ दाखवून दिली. दुपारीं घरीं येऊन पाहतों, तों तीं दोघें आमच्याच ओटीवर! तिकडे जेवण संपलें होतें. परततांना आमची पाटी दिसली. गृहस्थांना मधुमेह, उपाशीपोटीं त्यांचे हात कांपत होते. वहिनींनीं त्यांच्यापुढें गूळपाणी ठेवलें होतें.

"आपणहि येथेंच जेवतां वाटतें?" मला पाहून त्यांनीं विचारलें.

"हें माझें घर," मीं म्हटलें.

"अहो, मग सकाळींच कां नाहीं सांगितलें?"

प्रश्न अगदीं निष्कपट होता. वहिनी दारांत उभ्या होत्या. आलेल्या अतिथीस नाहीं म्हणूं नये, हें तैत्तिरीयोपनिषदांतील भृगुवल्लींत आहे. तें मीं मुलांना किती वेळां समजावून दिलें असेल! त्या क्षणीं मला एकहि शब्द सुचला नाहीं.

"भाऊजी, पानें पुसून मांडा," वहिनी म्हणाल्या. "आणि पाणी वाढा."

मीं पानें मांडलीं, पाणी वाढलें, भातावर तूपहि वाढलें. निघतांना त्या गृहस्थांनीं पैसे दिले. ते वहिनींनीं माझ्यादेखत मोजून घेतले.

दुसऱ्या दिवशीं पाटी उतरवून मी रंगाऱ्याकडे नेली. आडनांव केवढें काढावें, असें त्यानें विचारलें. निघतांना सूनबाईनें बजावलेलें होतें, "काका, रस्त्यावरून दिसेल एवढें." तसें मीं त्याला सांगितलें.